सामाईक कॅलेंडर : फलक कोणता आणि निमंत्रण कोणते

॥ श्री ॥

देवस्थानच्या नित्य व नैमित्तिक कार्यक्रमांची, सेवेकऱ्यांच्या पाळ्यांची, सभागृहाच्या आरक्षणाची व विश्वस्त मंडळाच्या सभांची नोंद पूर्वी कार्यालयातील एका मोठ्या वहीत होत असे आणि त्यातील सर्वांस कळावा असा भाग सभामंडपाबाहेरील काळ्या फलकावर खडूने लिहिला जाई. ती वही आणि तो फलक अनेक मंदिरांत आजही आहेत व असावेत असेच आमचे मत आहे. परंतु सेवेकरी आता शहराच्या चारी टोकांस राहतात, काही विश्वस्त नोकरीनिमित्त परगावी असतात आणि बऱ्याच कुटुंबांतील मुले परदेशी आहेत. त्यामुळे मोबाईलवर दिसणारे एकच सामाईक कॅलेंडर ठेवण्याची पद्धत लहानमोठ्या संस्थांत रूढ झाली आहे.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यासोबत एक उपद्रवही येतो. कॅलेंडरात एखादी नोंद केली की ज्यांचा तिच्याशी काही संबंध नाही अशा शेकडो लोकांना 'आपण येणार का?' असे विचारणारी पत्रे जातात. वेळ बदलली की पुन्हा जातात आणि नोंद पुसली की 'रद्द' म्हणून तिसऱ्यांदा जातात. काही दिवसांनी लोक ती पत्रे उघडणेच सोडून देतात आणि मग वार्षिक सभेची खरी सूचनाही त्याच ढिगात न वाचलेली राहते. हे कसे घडते व कसे टाळावे, याची माहिती भाविक, सेवेकरी व सभासद यांच्या उपयोगासाठी या लेखात देत आहोत. उदाहरणे मुख्यतः गूगल कॅलेंडरची घेतली आहेत, कारण सन २००६ मध्ये सुरू झालेली ही विनामूल्य सेवा बहुतेक लहान संस्थांच्या वापरात आहे.

फलक आणि अक्षत

आपल्याकडे कार्य कळविण्याच्या दोन रीती जुन्या आहेत व त्यांत कोणाचा गोंधळ होत नाही. फलकावर 'कार्तिकी एकादशीस सायंकाळी कीर्तन' असे लिहिले की ज्याला वाचायचे त्याने वाचावे आणि ज्याला यायचे त्याने यावे. उत्तराची अपेक्षा नाही. घरी जाऊन अक्षत देणे ही गोष्ट मात्र वेगळी. तिच्यात नाव घेऊन बोलावणे आहे, येण्याचा आग्रह आहे, आणि येणे जमणार नसेल तर तसे कळविण्याची जबाबदारीही आहे. फलकावरील मजकूर वाचला नाही म्हणून कोणी कोणाला दोष देत नाही. अक्षत देऊनही आले नाहीत, तर त्याची आठवण राहते.

संगणकावरील कॅलेंडर तयार करणाऱ्यांनीही नेमका हाच भेद मानला आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांची नोंद वाचता यावी म्हणून सन १९९८ मध्ये 'आयकॅलेंडर' नावाचे मानक ठरविण्यात आले व २००९ मध्ये ते 'आरएफसी ५५४५' या क्रमांकाने सुधारून प्रसिद्ध झाले. त्याच्या जोडीला त्याच वर्षी आलेल्या 'आरएफसी ५५४६' या मानकात नोंद दुसऱ्याकडे कोणत्या हेतूने जात आहे, हे सांगणारे शब्द निश्चित केले आहेत. 'पब्लिश' म्हणजे केवळ प्रसिद्ध करणे. अशा नोंदीत निमंत्रितांची नावे नसतात व उत्तर मागितले जात नाही. 'रिक्वेस्ट' म्हणजे बोलावणे. त्यात नावे असतात आणि 'रिप्लाय' येईपर्यंत ते अपुरे समजले जाते. एकदा बोलावणे गेले की कार्यक्रम रद्द करताना त्या प्रत्येकाला 'कॅन्सल' पाठविणे ओघानेच आले. पहिला फलक, दुसरी अक्षत. नको असलेल्या निमंत्रणांची जवळजवळ सर्व उदाहरणे पाहिली, तर फलकावर लिहिण्याजोगी गोष्ट अक्षत म्हणून धाडली गेली आहे, असेच आढळते.

पाहुण्यांचा रकाना

गूगल कॅलेंडरमध्ये हा सर्व फरक एका लहानशा रकान्यावर अवलंबून आहे. नवी नोंद करताना 'ॲड गेस्ट्स' असे लिहिलेली जागा दिसते. तेथे एकही ई-मेल पत्ता लिहिला नाही, तर ती नोंद फलकावर राहते. ज्यांना ते कॅलेंडर पाहण्याची परवानगी आहे त्या सर्वांना ती दिसते, परंतु निमंत्रण कोणालाही जात नाही. तेथे पत्ता लिहिला की ते बोलावणे झाले.

'सर्वांना दिसावे' म्हणून या रकान्यात सर्वांचे पत्ते भरणे ही नवशिक्या सेवेकऱ्याची सहज होणारी समजूत आहे. त्यातही एखाद्या गूगल ग्रुपचा एकच पत्ता तेथे घातला, तर लिहिणाऱ्याला एक नाव दिसते आणि निमंत्रण मात्र ग्रुपमधील प्रत्येक सभासदास जाते. दाखविण्यासाठी पाहुणे करण्याची गरजच नसते. त्यासाठी संपूर्ण कॅलेंडर एकदाच त्या व्यक्तींबरोबर 'शेअर' करावे. शेअर केल्याचे एक पत्र त्यांना जाते. त्यातील दुव्यावर त्यांनी एकदा बोट ठेवले की पुढील सर्व नोंदी आपोआप दिसू लागतात.

नोंद सेव्ह करताना पाहुण्यांना पत्र पाठवायचे का, असा प्रश्न विचारला जातो आणि 'सेंड' व 'डोन्ट सेंड' असे पर्याय येतात. 'डोन्ट सेंड' दाबले म्हणजे निमंत्रण गेलेच नाही, असा समज सर्वत्र आढळतो व तो चुकीचा आहे. थांबते ते फक्त ई-मेल. गूगलचे खाते असलेल्या पाहुण्याच्या स्वतःच्या कॅलेंडरात ती नोंद त्याच्या सेटिंगनुसार जाऊन बसू शकते, होकार-नकाराच्या प्रश्नासह. कोणी काही कळविलेले नसताना सकाळी मोबाईलवर अनोळखी कार्यक्रम दिसणे हे पत्र येण्यापेक्षाही अधिक बुचकळ्यात टाकणारे आहे. म्हणून निमंत्रण नको असेल तर रकाना रिकामा ठेवणे हाच उपाय. 'डोन्ट सेंड'वर विसंबू नये.

ज्या नोंदीत पाहुणे खरोखर हवे आहेत, तेथेही दोन खुणा पाहून घ्याव्यात. पाहुण्याने आणखी पाहुणे बोलवावेत आणि पाहुण्यांची यादी सर्वांना दिसावी, या दोन्ही मुभा आरंभापासून चालू असतात. पहिल्यामुळे यादी आपल्या हाताबाहेर वाढते. दुसरीमुळे एका भाविकाचा ई-मेल पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो. दोन्ही बंद करता येतात व देवस्थानच्या कामात त्या बंदच असाव्यात.

मायक्रोसॉफ्टचे आउटलुक वापरणाऱ्या संस्थांसाठी थोडक्यात इतकेच, की तेथे निमंत्रित नसलेल्या नोंदीला 'अपॉइंटमेंट' व निमंत्रित असलेल्या नोंदीला 'मीटिंग' म्हणतात. त्यातील ग्रुप कॅलेंडरमध्ये मात्र लक्ष असू द्यावे, कारण तेथील नोंदीत संपूर्ण ग्रुपच निमंत्रित धरला जाऊ शकतो.

कोणती नोंद कोठे करावी

सर्व गोष्टी एकाच कॅलेंडरात भरल्या की कोणाला काय दिसावे, याचा बंदोबस्त करता येत नाही. एकाच खात्यात वेगवेगळी कॅलेंडरे उघडता येतात, त्याचा उपयोग करावा. उत्सव, आरत्या, कीर्तने, प्रवचने यांचे एक सार्वजनिक कॅलेंडर असावे. ते कोणीही पाहावे. सेवेकऱ्यांच्या पाळ्यांचे दुसरे असावे व ते केवळ सेवेकऱ्यांस दिसावे. या दोहोंत पाहुण्यांचा रकाना कायम रिकामा. विश्वस्त मंडळाच्या सभेचा प्रकार तेवढा निराळा आहे. तेथे गणपूर्ती होणार की नाही, हे आधी कळणे आवश्यक असल्याने प्रत्येक विश्वस्तास नावानिशी निमंत्रण जाणे व त्याचा होकार-नकार येणे योग्यच आहे. ज्याचे उत्तर आपल्याला खरोखर हवे आहे त्यालाच निमंत्रण, ही कसोटी लावली म्हणजे बहुतेक शंका मिटतात. अर्थात संस्थेच्या घटनेत सभेची लेखी सूचना व कार्यसूची किती दिवस आधी द्यावी हे सांगितलेले असते. कॅलेंडरचे निमंत्रण ही त्या सूचनेची जागा घेणारी गोष्ट नव्हे, स्मरण देणारी आहे.

अभिषेक, अन्नदान किंवा शांतिकर्म यांच्या नोंदी सार्वजनिक कॅलेंडरात करताना यजमानाचे नाव, गोत्र, दूरध्वनी, देणगीची रक्कम असे काही लिहू नये. 'सकाळी ८ वाजता अभिषेक' एवढे पुरे. सार्वजनिक कॅलेंडर जगात कोणालाही वाचता येते, आणि कोणते कुटुंब कोणत्या दिवशी सकाळभर घराबाहेर असणार आहे, हे जाहीर करण्याचे काही कारण नाही. अंतर्गत कॅलेंडरचा जो 'गुप्त पत्ता' सेटिंगमध्ये दिलेला असतो तोही व्हॉट्सॲपच्या समूहात टाकू नये. तो ज्याच्या हाती पडेल त्याला सर्व मजकूर वाचता येतो. तसे घडलेच तर तो पत्ता बदलून घेता येतो.

सोयर-सुतक आणि पाळ्या

सेवेच्या पाळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. वर्षाच्या आरंभी पाळ्यांची यादी तयार होते आणि ती भरणारा सेवेकरी, काम एकदाच व्हावे म्हणून, प्रत्येक कुटुंबाचा ई-मेल पत्ता पाहुणे म्हणून टाकून बारा महिन्यांच्या नोंदी करून ठेवतो. हेतू चांगला असतो. परंतु आठ महिन्यांनी त्या कुटुंबात काय स्थिती असेल, हे कोणी जाणत नाही. घरात मृत्यू झालेला असतो, सुतकाचे दिवस चाललेले असतात, आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर देवाच्या सेवेची आठवण येते व विचारले जाते की आपण येणार का. कर्त्या माणसाचेच निधन झाले असेल, तर ते निमंत्रण त्यांच्याच नावाने येते आणि घरातील दुसरे कोणीतरी ते उघडते. 'नाही' हे बटण दाबणेही अशा वेळी जिवावर येते. देवाला नाही म्हटल्यासारखे वाटते, असे वडीलधारी मंडळी बोलून दाखवितात. यंत्राला सुतक कळत नाही, हे खरेच. म्हणून हे काम यंत्राकडे सोपवू नये.

यास्तव पाळ्यांच्या कॅलेंडरात केवळ दिवस व सेवेचे नाव लिहावे, कुटुंबाचे नाव लागल्यास आडनावापुरते, आणि पाळीच्या आठ-दहा दिवस आधी कार्यालयातून कोणीतरी दूरध्वनी करून घरची खुशाली विचारावी व मग पाळीचे बोलावे. अडचण असल्यास पुढील कुटुंबाशी अदलाबदल त्याच वेळी होते आणि नोंद शांतपणे बदलता येते. नोंदीत पाहुणे नसल्याने कोणालाही 'रद्द'चे पत्र जात नाही. दूरध्वनीच्या या कामाला दोन मिनिटे लागतात. पाळी जुळविणाऱ्या जुन्या सेवेकऱ्यांना ही रीत शिकवावी लागत नाही.

तिथी आणि पुनरावृत्ती

अनावश्यक पत्रांचे दुसरे मोठे कारण म्हणजे चुकीची पुनरावृत्ती. कॅलेंडरात 'दर आठवड्याला', 'दर महिन्याला', 'दर वर्षी' असे पर्याय असतात. गुरुवारचे भजन किंवा शनिवारचे हनुमानचालिसा पठण यांना साप्ताहिक पर्याय उत्तम लागू पडतो. तिथीने येणाऱ्या सणाला वार्षिक पर्याय लावणे मात्र निरुपयोगी आहे, कारण ते कॅलेंडर इंग्रजी तारखेवर चालते. गणेश चतुर्थी सन २०२२ मध्ये ३१ ऑगस्ट रोजी होती. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्याने ती १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. एका वर्षीची नोंद 'दर वर्षी' म्हणून ठेवली, तर पुढील प्रत्येक वर्षी ती चुकीच्या दिवशी उगवते. मग ती दुरुस्त करावी लागते, आणि पाहुणे जोडलेले असतील तर प्रत्येक दुरुस्तीचे पत्र सर्वांना जाते. गुढीपाडव्यापूर्वी पंचांग समोर ठेवून वर्षाच्या नोंदी हाताने कराव्यात, हे कंटाळवाणे असले तरी निर्धोक आहे. संकष्टीच्या नोंदीत चंद्रोदयाची वेळ आपल्या गावची द्यावी; पुण्या-मुंबईच्या दिनदर्शिकेतील वेळ इंदूर-ग्वाल्हेरला जशीच्या तशी चालत नाही.

माळव्यात व ग्वाल्हेरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आपला महिना अमावास्येला संपतो, तर भोवतालच्या हिंदी भाषिक समाजाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचे महिने एकच असतात, म्हणून रामनवमी दोन्हीकडे चैत्रातच येते. वद्य पक्षात नाव बदलते. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, त्यांची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची, दिवस एकच. गोकुळाष्टमी आपल्या श्रावणात, त्यांच्या भाद्रपदात; पुन्हा दिवस एकच. पुजारी मराठी, फुलवाला व मंडपवाला हिंदी भाषिक आणि नोंदीत नुसते 'श्रावण वद्य अष्टमी' लिहिलेले, असे झाले की विचारणा सुरू होते, कोणीतरी 'दुरुस्ती' करतो आणि योग्य असलेली नोंद एक महिना मागे जाते. म्हणून नोंदीच्या शीर्षकात सणाचे नाव आधी लिहावे आणि तिथी आपल्या पद्धतीने खालच्या मजकुरात द्यावी.

परदेशी असलेल्या मुलाबाळांसाठी एवढेच सांगावयाचे, की वेळ घालून केलेली नोंद त्यांना त्यांच्या वेळेनुसार दिसते. इंदूरची सायंकाळी साडेसातची आरती न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळी ९ वाजता व उन्हाळ्यात १० वाजता दिसेल. हे बरोबर आहे. तीच वेळ थेट प्रक्षेपणाची. पण एकादशीची 'पूर्ण दिवस' म्हणून केलेली नोंद तारीख बदलत नाही आणि तेथील सूर्योदयानुसार उपवासाचा दिवस वेगळा येऊ शकतो, याकरिता त्यांनी तेथील पंचांग पाहावे.

बदल कळावा कसा

निमंत्रणे बंद केली की शांतता होते, पण तिचीही किंमत आहे. फलकावरील वेळ खोडून दुसरी लिहिली, तर जो फलकाकडे येत नाही त्याला ते कळत नाही. दिनांक ७ सप्टेंबर २०२५ रोजी भाद्रपद पौर्णिमेस भारतातून दिसणारे खग्रास चंद्रग्रहण होते व अनेक मंदिरांची दारे वेधामुळे नेहमीपेक्षा पुष्कळ आधी बंद झाली. अशा दिवशी कॅलेंडरातील आरतीची वेळ गुपचूप बदलून भागत नाही.

यावर उपाय पाहणाऱ्याच्या हाती आहे. सामाईक कॅलेंडर आपल्या खात्यात जोडल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये नवी नोंद, बदललेली नोंद व रद्द झालेली नोंद यांची सूचना ई-मेलने हवी की नको, हे प्रत्येकाने आपल्यापुरते ठरवावयाचे असते. रोज सकाळी त्या दिवसाची यादी ई-मेलने मागविण्याचीही सोय आहे. एकाने ती चालू केली तरी दुसऱ्याला पत्र जात नाही. नित्य दर्शनास येणाऱ्यांनी बदलाची सूचना चालू ठेवावी, वर्षातून दोनदा येणाऱ्यांनी बंद ठेवावी. ग्रहण, अतिवृष्टी किंवा संचारबंदी यांसारख्या प्रसंगी मात्र प्रत्यक्ष फलक, दूरध्वनी आणि व्हॉट्सॲप यांस पर्याय नाही.

लिहिण्याचा अधिकार व खाते

कॅलेंडर शेअर करताना चार पायऱ्यांची परवानगी देता येते : वेळ मोकळी की व्यापलेली एवढेच दिसणे, सर्व तपशील दिसणे, नोंदीत बदल करता येणे, आणि बदलासह दुसऱ्यांना परवानगी देता येणे. वरच्या दोन परवानग्या दोन-तीन जबाबदार व्यक्तींपुरत्याच असाव्यात. बदलाचा अधिकार असलेल्या माणसाने आपल्या मोबाईलवरील गर्दी कमी करण्यासाठी सामाईक कॅलेंडरातील नोंद पुसली, तर ती त्याच्यापुरती पुसली जात नाही, सर्वांचीच नाहीशी होते. सुदैवाने पुसलेली नोंद सुमारे ३० दिवस 'ट्रॅश'मध्ये राहते व परत आणता येते. ज्याला गर्दी नको आहे त्याने नोंद न पुसता डावीकडील यादीत त्या कॅलेंडरच्या नावापुढील खूण काढावी; मजकूर तेवढा दृष्टीआड होतो.

कॅलेंडर कोणाच्याही वैयक्तिक खात्यातून उघडू नये. चिटणीस बदलतात, विश्वस्तांची मुदत संपते, मंडळी गाव सोडून जातात. ज्या खात्यातून कॅलेंडर उघडले ते खातेच बंद झाले, तर वर्षांच्या नोंदींसह कॅलेंडरही जाते. देवस्थानच्या नावाचे वेगळे खाते असावे व त्याचा परवलीचा शब्द कार्यालयातील कपाटात बंद लिफाफ्यात असावा. कार्यभार देता-घेताना दप्तर व किल्ल्यांबरोबर त्या लिफाफ्याचीही पोच घ्यावी.

जुनी नोंद एका कॅलेंडरातून फाइल करून दुसऱ्यात आणताना पाहुण्यांच्या यादीची काळजी नसावी. गूगलमध्ये आयात केलेल्या नोंदीबरोबर पाहुणे येत नाहीत. मात्र एकच फाइल दोनदा चढविली गेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

ज्यांना नको असलेली निमंत्रणे येतात

भाविकांपैकी अनेकांना अनोळखी लोकांकडून बक्षिसांची, कर्जाची किंवा बनावट देणगीची निमंत्रणे थेट कॅलेंडरातच आलेली दिसतात. हा उपद्रव जगभर वाढल्यावर गूगलने सन २०२२ मध्ये परिचित व्यक्तीचेच निमंत्रण आपोआप नोंदले जावे असा पर्याय दिला. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर' येथे तो निवडता येतो. त्याहून कडक हवे असल्यास, ई-मेलमध्ये आपण उत्तर दिल्यावरच नोंद व्हावी असाही पर्याय आहे. ज्येष्ठ भाविकांच्या मोबाईलवर घरातील तरुणांनी हा दुसरा पर्याय लावून द्यावा. अनोळखी निमंत्रणास 'नाही' असेही उत्तर देऊ नये, कारण त्यामुळे आपला पत्ता चालू असल्याचे पाठविणाऱ्यास कळते. ते 'स्पॅम' म्हणून कळवावे व आतील दुव्यास हात लावू नये. देवस्थानच्या नावाने देणगी मागणारे निमंत्रण कॅलेंडरात दिसल्यास ते देवस्थानचे नाही असे समजून कार्यालयास त्वरित कळवावे. सेवेकऱ्यांपैकी ज्यांना आपल्या मोबाईलवर कॅलेंडर जोडून घ्यावयाचे असेल त्यांनी सायंआरतीनंतर कार्यालयात यावे, येताना आपल्या ई-मेल खात्याचा परवलीचा शब्द लक्षात असू द्यावा.